बोटं मोजणारे मालक

पाचचा भोंगा झाला की आमचे मालक गेटपाशी लाकडी स्टूल ओढून बसत. बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाने त्यांच्यासमोर दोन्ही पंजे धरायचे, आधी सुलटे, मग उलटे, आणि मगच आपल्या गाडीला हात लावायचा. मालक ओठ हलवत बोटं मोजत. रोज, सगळ्यांची. कुणी घाईत हात फिरवले की म्हणत, "थांब गड्या, नऊच भरली." मग तो हसत पुन्हा दाखवी. एकदा माल न्यायला आलेला सांगलीचा ड्रायव्हर, ही चोरीची झडती असावी असं समजून, खिसे उलटे करून उभा राहिला. मालक म्हणाले, "खिसं नगंत पावणं, हात दावा. आमच्या दारातनं जाताना धा हायत ह्याची खात्री करतोय. पुढं वाटंत काय करशीला ते तुमच्या मालकाचं."

ते मूळचे पैलवान. दोन्ही कान मोडलेले, मान खांद्यात गेलेली, आणि आवाज असा की भट्टीच्या घरघरीवरूनही ऐकू यावा. डोक्यावर कायम पिवळं हेल्मेट. ऑफिसात बसतानाही ते काढत नसत, जेवतानाही नाही. एकदा बँकेचे मॅनेजर भेटायला आले तेव्हा मी हळूच म्हणालो, "मालक, हेल्मेट." ते म्हणाले, "व्हय की, त्येंनाबी एक दे." मॅनेजर पंख्याखाली हेल्मेट घालून चहा प्यायले. पण घरी जाताना स्कूटरवर बसले की मालक तेच हेल्मेट काढून डिकीत टाकत, कारण गावात कुणी घालत नाही. ही त्यांची गोष्ट मला फार आवडायची. त्यांची एवढी तरी चूक मला बोट दाखवता येईल अशी होती.

मी त्यांच्या फाउंड्रीत सेफ्टी ऑफिसर होतो, अजूनही आहे. आमचं गाव राधानगरीकडचं. आबा, म्हणजे माझे वडील, तरुणपणी मालकांच्याच तालमीत होते. कुस्ती सुटल्यावर मालकांनी त्यांना कारखान्यात घेतलं. मी दहावीपर्यंत गावच्या शाळेत शिकलो, मग कसबा बावड्यात आबांनी भाड्याने घेतलेल्या दोन खोल्यांत येऊन बी.एस्सी. केलं. आमच्या घराण्यात पदवीचा झगा घालून फोटो काढलेला मी पहिला. पुढे काय करायचं ते मला सुचत नव्हतं, आबांना त्यातलं कळत नव्हतं. मालकच आबांना म्हणाले, "पोराला सेफ्टीचा डिप्लोमा करू दे. माजं डोळं आता कमी पडाय लागल्यात." मी तो केला. कायद्याने आमच्या एवढ्याशा फाउंड्रीला सेफ्टी ऑफिसर नेमावाच लागतो असं नाही, तरी त्यांनी मला नेमलं आणि मास्तर म्हणून हाक मारायला सुरुवात केली. म्हणजे माझी वाट, माझं टेबल, माझं नावसुद्धा त्यांनी दिलेलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण त्या माणसाचा मी वर्षानुवर्षं मनापासून हेवा केला.

हेवा कारखान्याचा नव्हता. आबा त्यांचं ऐकत आणि माझं ऐकत नसत, त्याचा होता.

आबा फेटलिंगला होते. साच्यात लोखंड ओतून जो भाग तयार होतो त्याला वाळू चिकटलेली असते, कडेने जादा लोखंड आलेलं असतं. ते ग्राइंडरने घासून काढायचं, याला फेटलिंग म्हणतात. ठिणग्या दिसतात, धूळ तेवढी दिसत नाही. तोंडाला टॉवेल गुंडाळून आबा ते काम माझ्या जन्माच्या आधीपासून करत आले होते. डिप्लोमाच्या पुस्तकात वाळूच्या धुळीवर एक आख्खं प्रकरण होतं. ते वाचताना पानापानावर मला आबांचा टॉवेल दिसायचा. नोकरीला लागलो त्या दिवशी मी मनाशी ठरवलं होतं की बाकी काही जमलं नाही तरी चालेल, आबांना त्या धुळीतून बाहेर काढायचं.

पण त्या कारखान्यात सुरक्षितता हा विषय मालकांनी आधीच स्वतःच्या पद्धतीने व्यापून टाकलेला होता. नवं मशीन आलं की पहिले आठ दिवस ते स्वतः चालवत. माल बिघडायचा, सुपरवायझर कपाळाला हात लावायचा, मालक मात्र घाम पुसत मशीनशी झोंबत असायचे. नवव्या दिवशी ऑपरेटरला बोलावून सांगायचे, "हितनं बोट आत जातंय. माजं जाता जाता ऱ्हायलं." मग तिथे जाळी बसायची. जाळी बसेपर्यंत कुणी बटणाला हात लावायचा नाही. "मशीनला आय न्हाय," ते म्हणत, "तवा ती कुणाच्या आयचा इचार करत न्हाय. त्यो आपुन करायचा." मी हाच धोका कागदावर तक्ता आखून, गुण देऊन काढायचो. माझा तक्ता भिंतीवर लागायचा आणि त्यांचं वाक्य माणसांच्या तोंडात बसायचं.

अपघाताच्या नोंदवहीत 'कारण' असा एक रकाना असतो. त्यात मी विचार करून पाच-सहा ओळी लिही. मालक सही करताना त्याखाली स्वतःच्या अक्षरात दोनच शब्द लिहीत, 'माझी चूक'. एका कामगाराने बुटाची नाडी बांधली नव्हती म्हणून त्याचा पाय मुरगळला. तिथेही तेच. मी म्हणालो, "मालक, नाडी त्याची होती."

"आन बूट?"

"बूट कारखान्याचा."

"मग?"

तपासणीला आलेल्या सरकारी अधिकाऱ्यांनी ती वही चाळली, चष्मा काढला आणि म्हणाले, असं लिहिणारा मालक पाहिला नाही. मी शेजारीच उभा होतो. माझ्या पाच-सहा ओळी त्यांनी वाचल्याच नाहीत.

माझं पहिलं भाषण मी दोन दिवस पाठ केलं होतं. जेवणाच्या सुट्टीनंतर सगळे खाली बसले. आबा सगळ्यांत मागे, मान खाली घालून. मी सांगितलं की जी धूळ डोळ्यांना दिसते ती नाकात अडकते. जी दिसत नाही ती छातीत खोल जाते आणि तीच घातक. पुढच्या ओळीतून एकाने विचारलं, "साहेब, जी दिसत न्हाय ती आमी बगायची कशी?" सगळे हसले. आबाही हसले असावेत, त्यांचे खांदे हलत होते.

मी फिल्टरचे मास्क मागवले आणि वाटले. आबांनी तो गळ्यात अडकवला तो तिथेच राहिला. घरी मी विषय काढला.

"आबा, मास्क लावा."

"लावतो की."

"तुम्ही लावत नाही. मी रोज बघतोय."

"बगालाईस तर बग. तुज्या जल्माच्या आदी हातात गिरंडर धरलाय मी."

दुसऱ्या दिवशी मालक फेटलिंगमधून जात होते. न थांबता म्हणाले, "मास्क वर घे रं." आबांनी "व्हय मालक" म्हणत तो नाकावर ओढला. मी तीन फुटांवर उभा होतो. मालक माझ्याजवळ आले आणि खांद्यावर हात ठेवून समजुतीच्या आवाजात म्हणाले, "मास्तर, त्वा आणल्यात न्हवं, मग लावतील. तुला बरं वाटंल." म्हणजे त्यांनासुद्धा मास्कची गरज पटलेली नव्हती. माझं मन राखायला त्यांनी माझ्या वडिलांना हुकूम दिला होता, आणि वडिलांनी तो पाळला होता. त्या रात्री मी जेवलो नाही. आईला सांगितलं, पोट ठीक नाही.

तसा मास्क हा शेवटचा उपाय. धूळ जिथे उडते तिथेच ती ओढून घेणारं यंत्र बसवायचं, हे पहिलं काम, आणि ते मालकाचं असतं. मी तसा अर्ज लिहून त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला आणि आबांना आत बोलावून घेतलं, जणू या बाबतीत तज्ज्ञ तेच.

"मास्तर, धूळ म्हंजी काय? मातीच की."

"मालक, ही वाळू आहे. दगड—"

"तालमीत आमी मातीत लोळलो. नाकात, कानात, तोंडात माती. आंगात कणकण आली तर वस्ताद मातीतच निजवायचा. तुज्या बाला इचार."

आबा दारात उभे होते. त्यांचा चेहरा एकदम उजळला. "हळद, ताक, लिंबू, त्याल, सगळं घालायचं तीत. आवशीदच ते."

"आन मातीनं मेलेला पैलवान बघितलायस का कुटं?"

"न्हाय बा."

दोघं हसले. मोडलेल्या कानांची ती दोन डोकी एका तालात हलली. मला आबांनी कधी तालमीत नेलं नव्हतं. अभ्यास बुडेल म्हणून. मी त्यांच्याकडे बघत उभा राहिलो आणि माझा अर्ज पेपरवेटखाली तसाच पडून राहिला. ज्या माणसाला यंत्राची, विजेची, वितळलेल्या लोखंडाची एवढी धास्ती, त्याला धूळ मात्र घरची वाटत होती. कोल्हापूरबाहेरचा कुणी मालक कदाचित पैसे वाचवायला हे म्हणाला असता. हे दोघं मनापासून म्हणत होते.

मी हट्ट सोडला नाही. माणसांची काळजी होतीच. पण खोटं कशाला सांगू, खरा जोर दुसऱ्याच गोष्टीचा होता. मला एकदा, फक्त एकदा, आबांच्या समोर मालक चुकलेले दाखवायचे होते. म्हणून या वेळी मी धुळीबद्दल काही बोललोच नाही. कायद्याचं पान उघडून त्यांच्यापुढे ठेवलं. धुळीच्या कामावरच्या प्रत्येक माणसाची छाती तपासून घ्यायची, ती मालकाने, मालकाच्या खर्चाने, असं त्यात होतं.

"मालकानं करायचं म्हटलंय?"

"हो."

"मग आदी का न्हाय बोल्लास? काढ सगळ्यांचं. पयला माजा."

एक्स-रेची गाडी कारखान्याच्या आवारात आली. मालक सगळ्यांत पुढे, हेल्मेट घालून. तंत्रज्ञ म्हणाला, "काका, छातीचा फोटो आहे, ते काढा." मालक म्हणाले, "छाती माजी हाय, हेल्मेट कारखान्याचं. ऱ्हाऊ दे." मागे फेटलिंगची माणसं रांगेत हसत होती. आबांनी नवा शर्ट घातला होता.

आठवड्याने शहरातल्या छातीच्या डॉक्टरांनी मला बोलावलं. पाकिटांवर नावं मीच लिहिली होती. ते एकेक फिल्म उजेडावर धरत आणि बाजूला ठेवत. मालकांची बाजूला गेली. एक मात्र त्यांनी धरूनच ठेवली. दोन्ही बाजूंना, वरच्या भागात, ज्वारी सांडावी तसे बारीक पांढरे ठिपके.

"हे किती वर्षं ग्राइंडिंगला आहेत?"

मी सांगितलं. मग म्हणालो, "माझे वडील आहेत."

डॉक्टर खुर्चीत नीट बसले. म्हणाले, "सिलिकोसिस. आत गेलेली ही धूळ बाहेर येत नाही. आज काम थांबलं तर पुढचं लांबवता येईल. बरं होणार नाही."

"माती नाही ना ही?" मी कसंतरीच विचारलं.

"माती कुठली. दगड आहे."

त्या वेळी मला पहिल्यांदा जे वाटलं ते दुःख नव्हतं. मी बरोबर होतो, असं वाटलं. एका श्वासापुरतं, पण वाटलं, आणि बरं वाटलं. मग टेबलावरचं पाकीट दिसलं. त्यावर आबांचं नाव माझ्या अक्षरात होतं, आणि मी ते फार वळणदार काढलं होतं. आणखी दोघांच्या फिल्मवरही तसेच ठिपके निघाले. उरलेली पाकिटं मी बघू शकलो नाही, डॉक्टरांनीच मोठ्याने वाचून दाखवली.

मालकांना मी रिपोर्ट दिला तेव्हा त्यांनी विचारलं, "ह्यात कुटं लिवलंय?" मी ओळ दाखवली. त्यांनी मला ती पुन्हा वाचायला लावली. मग त्यांनी हेल्मेट काढून टेबलावर ठेवलं. आतले केस पूर्ण पांढरे होते, हे मला त्या दिवशी कळलं. ते उठून फेटलिंगमध्ये गेले आणि स्वतःच्या हाताने मेन स्विच खाली ओढला. ग्राइंडर हळूहळू मंद होत थांबले. सुपरवायझर धावत आला. "मालक, परवा गाडी भरायची हाय."

"भरू नगा."

प्रत्येक बाकावर धूळ ओढणारी नळकांडी बसेपर्यंत तो विभाग बंद राहिला. तीन आठवडे. गिऱ्हाइकांचे फोन ते स्वतः घेत आणि प्रत्येकाला तेच सांगत, "माजी चूक झालीया, थांबा."

मी घरी काही सांगितलं नव्हतं. तोंड नव्हतं. स्विच ओढला त्याच दिवशी दिवेलागणीला मालक स्कूटरवरून आमच्याकडे आले. आईने चटई टाकली. ते म्हणाले, "वैनी, तुमीबी बसा." आणि आबांकडे बघून, आवाज न चढवता, त्यांनी सांगून टाकलं.

"गड्या, छातीत वाळू साठलीया तुज्या. माती न्हवं ती. पोरगं वरडून सांगत हुतं, मी मातीच म्हणत बसलो. माज्या कारखान्यात झालंय. मी केलंय."

आई भिंतीकडे तोंड करून बसली. आबा चटईची काडी सोलत होते. मग म्हणाले, "मालक, आसं नगा म्हणू. मी तरी कुटं मास्क लावत हुतो."

"ती पळवाट मला दिऊ नगो. त्वा लावत न्हवतास तर लावून घ्यायचं काम माजं. आन त्येच्या आदी, धूळ उडूच न द्यायचं कामबी माजंच."

माझ्या पुस्तकातलं ते आख्खं प्रकरण एवढंच होतं. दोन वर्षं मी ते इतक्या साध्या शब्दांत सांगू शकलो नव्हतो.

"उद्यापासनं गिरंडरला हात लावायचा न्हाय. स्टोअरला बसायचं."

"बरं, मालक," आबा म्हणाले.

एवढंच. ज्यासाठी मी भांडलो, उपाशी झोपलो, आईला शपथा घालायला लावल्या, ते दोन शब्दांत झालं. मला आनंद व्हायला हवा होता. मालक चहा पिऊन गेले. त्यांना सोडायला आबा दारापर्यंत गेले आणि मी जागेवरून उठलोही नाही. आबा परत आल्यावर मी विचारलंच.

"आबा, हेच मी सांगत होतो. माझं का नाही ऐकलं?"

आबा खाली बसले.

"तुजं ऐकून सोडलं आस्तं तर काय झालं आस्तं? म्हातारा पोराच्या जिवावर घरी बसला. कारखाना मोकळा. तू कशापायी वडून घेतोस आंगावर? काम त्येचं, धूळ त्येची. थांब म्हणायचंबी त्येनंच. मी वाट बघत हुतो."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"मग. माजा खोकला मला कळत न्हाय व्हय?"

आई वळून त्यांच्याकडे बघत राहिली. मला वाटायचं, आबांचा मालकांवर जीव आहे म्हणून ते त्यांचं ऐकतात. जीव होताच. पण त्याच्याखाली एक जुनं येणं इतकी वर्षं गप्प बसून होतं, आणि ते मालकांकडूनच घ्यायचं होतं. मी त्याच्या मध्ये उगाच हात घालत होतो. मी फक्त मुलगा होतो.

आता मालक कारखान्यात येत नाहीत. त्यांचा पुतण्या बघतो. तो भला मुलगा आहे, माझे तक्ते वाचतो. दरवर्षी एक्स-रेची गाडी येते, तिची तारीख मी ठरवतो. फेटलिंगची हवा मोजली जाते आणि आकडे मी भिंतीवर लावतो. आता माझं ऐकतात. आबा घरीच असतात. जिना चढताना दोनदा थांबतात.

दर तीन महिन्यांनी त्यांना तपासणीला न्यावं लागतं, आणि दर वेळी मालक स्वतःची गाडी घेऊन बावड्यात येतात. त्यांची नजर आता अधू झाली आहे, दुसऱ्या गिअरच्या वर गाडी जात नाही. गेल्या खेपेला मी म्हणालो, "आबा, मी रजा टाकतो. मी नेतो तुम्हाला. ते आता मालकसुद्धा राहिले नाहीत."

आबा शर्टाची गुंडी लावत होते. म्हणाले, "माजी छाती त्येच्याच येळची हाय. त्यो नेईल."

मी गाडीचं दार उघडून दिलं. आबा पुढच्या सीटवर बसले. मालकांनी खिडकीतून विचारलं, "मास्तर, येतोस काय?" आबाच म्हणाले, "ऱ्हाऊ दे. त्येला कामावर जाऊ दे." गाडी निघाली. आत दोघांचं काहीतरी बोलणं सुरू झालं होतं, आबांचा हात हवेत डाव टाकल्यासारखा फिरत होता. कोपऱ्यापर्यंत गेल्यावर गाडी भर रस्त्यात थांबली. आबांना उबळ आली असणार. मागून दोन मोटरसायकलवाल्यांनी हॉर्न वाजवला. एक उसाचा ट्रॅक्टरही येऊन थांबला. मालकांनी गाडी हलवली नाही. मीही जागचा हललो नाही. बऱ्याच वेळाने ती दुसऱ्या गिअरमध्ये पुन्हा चालू लागली.